वीस वाव दोरी

धावत आलेल्या भाविकाचा पाय बांबूशी पडला तसा धर्मेशने फोनवर अंगठा दाबला.

“किती?” गुडघ्यांवर हात टेकून ती वाकली होती. कपाळावरचा घाम थेट ओल्या वाळूत गळत होता.

“तीन मिनिटं चार.”

“काल?”

“तीन पाच.”

“म्हणजे एक कमी झाला की!” भाविकाने मान वर केली आणि धर्मेशच्या खांद्यावर बसलेल्या हेत्वीला जीभ काढून दाखवली. अडीच वर्षांच्या हेत्वीने लगेच टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आईला पुन्हा सोडायचंय. गेले चार महिने तिच्या टाळीवरच आई सुटायची.

“आता नाही गो बाय,” धर्मेशने तिचे हात धरले. “आता थेट परवा. पालघरला.”

परवा पोलीस भरतीची मैदानी परीक्षा होती. आठशे मीटर धावायचं. डहाणू रोडच्या अकॅडमीतल्या पोरींनी भाविकाला आकडा सांगितला होता, दोन मिनिटं पन्नास. तेवढ्यात आलीस तर नाव लागायची आशा, त्याच्या वर गेलीस तर घरी बस. आणि भाविकाच्या वयाला ही शेवटचीच भरती होती. चौदा सेकंद. नरपडच्या या किनाऱ्यावर चार महिने धावूनही ते चौदा सेकंद काही संपत नव्हते.

वेळ चुकली की ती फक्त “उद्या” म्हणायची आणि हेत्वीला कडेवर घेऊन घराकडे चालू लागायची. एकदाही रडली नाही. त्यामुळेच धर्मेशला ते जास्त लागायचं.

अकॅडमीत जायचं तिने सुरुवातीलाच सोडलं होतं. हेत्वी दुधाशिवाय झोपत नव्हती. तेव्हा धर्मेश म्हणाला होता, “घरासमोर एवढा दर्या पडलाय, तुला मैदान कशाला पायजे?” मग त्याने आठ-आठ दिवस बाहेर राहणाऱ्या मोठ्या बोटीवरचं काम सोडलं आणि भीमाकाकाच्या लहान होडीवर जायला लागला. होडी गेली की त्याच दिवशी परत येते. दोस्तांनी चिडवलं, बायकोचा मास्तर झाला म्हणाले. तो हसला आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी एकटाच दोरी घेऊन किनाऱ्यावर उतरला.

किनाऱ्यावर सगळं वावेवर चालतं. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. जाळं असो, नांगराचा दोर असो, माणूस हात पसरतो आणि मोजतो. एक वाव म्हणजे सहा फूट, हे धर्मेशला त्याच्या बापाने शिकवलेलं. त्याने वीस वाव दोरी मोजून घेतली, बारावी झालेल्या भाविकाकडून हिशेब करून घेतला आणि ओल्या वाळूवर ती दोरी अकरा वेळा टाकली, अकराव्याला एक वाव कमी. एका टोकाला बांबू रोवला, दुसऱ्या टोकाला मोडक्या होडीची फळी. जाऊन-येऊन आठशे मीटर. बांबूला भाविकाच्या जुन्या ओढणीचा लाल तुकडा बांधून तो धावतच घरी आला होता.

“चल, ग्राऊंड तयार आहे!”

पाणी मागे सरलं की खालची वाळू ओट्यासारखी घट्ट होते. तेवढीच पळायची वेळ. सुकती, म्हणजे ओहोटी, रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून त्यांचा सरावही कधी उजाडताना, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला. कुठल्याच अकॅडमीचं असलं वेळापत्रक नसेल. पण सुकती चुकली नाही आणि तेही चुकले नाहीत.

*

दुपारी भीमाकाकाच्या होडीची एक फळी बदलायची होती. मुकेश सुतार टेप घेऊन होडीखाली उताणा पडला होता. धर्मेश शेजारी बसून दोरी गुंडाळत होता, तीच वीस वाव. मैदानाचं काम संपलं, आता ती होडीवर न्यायला हरकत नव्हती.

“किती आहे रे ती?” मुकेशने विचारलं. “मला शंभर फूट लागेल फळी बांधायला.”

“एकशेवीस. घे आरामात.”

मुकेश सगळ्या गोष्टी टेपने मोजतो. बायकोने वाढलेली भाकरीसुद्धा मोजत असेल, असं लोक म्हणतात. त्याने दोरीचं एक टोक धर्मेशच्या हातात दिलं आणि टेप लावत लावत मागे गेला. मग थांबला. परत पहिल्या टोकाला आला आणि पुन्हा मोजत गेला.

“एकशेतीस आहे ही.”

“होऊच शकत नाही. मी मोजलीये. वीस वाव.”

“कोणाच्या वावेने?”

“माझ्या.”

मुकेशने टेप खाली ठेवली. “उभा राहा. हात पसर.” धर्मेशने पसरले. मुकेशने एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत टेप ताणली आणि हसत सुटला. “साडेसहा फूट! अरे, हे हात आहेत की वल्ही?”

धर्मेशही हसला. हसता हसता त्याचे हात तसेच पसरलेले राहिले आणि तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

एका दोरीला दहा फूट जादा. अशा अकरा दोऱ्या. जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट.

“मुकेश,” तो म्हणाला, “दोनशे वीस फूट पळायला किती वेळ लागतो?”

“म्हातारीला की कुत्र्याला?”

पण धर्मेश तोवर उठून किनाऱ्याने चालायला लागला होता. बांबूपासून त्याने स्वतःच दोनशे वीस फुटांचा अंदाज घेतला, फोनवर वेळ लावली आणि भाविकाच्या वेगाने धावला. तेरा सेकंद. पुन्हा धावला. चौदा. तिसऱ्यांदा धावायची गरजच नव्हती, पण तो धावला. एवढा आनंद अंगात मावतच नव्हता, कुठे तरी सांडायला हवा होता.

मग तो बांबूला धरून उभा राहिला आणि त्याला दरदरून घाम फुटला. चार महिने. एकशेवीस दिवस ती “उद्या” म्हणत होती. कोणामुळे?

*

त्याची आई जमुना वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. हाताकडे न बघता तिचं काम चालू होतं.

“आये, एक सांगू?”

“भूत बघितल्यासारखं तोंड करून काय सांगतोस? सांग.”

त्याने सांगितलं. जमुनाचा हात थांबला. बोंबलाची एक जोडी तिच्या बोटांत तशीच लोंबकळत राहिली.

“म्हंजे माझी सून चार महिने फुकट जादा पळतेय?”

“हो.”

“आणि तू फोन घेऊन उभा? रोज सांगतोस, एवढे राहिले, तेवढे राहिले?”

“हो ना गो.”

जमुना आधी रागावली, मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. “तुझ्या बापाचे हात बरे होते. तुझे कोणावर गेले कोण जाणे!”

“तिला सांगू का?”

“सांग की. खूश होईल.”

“पण खरं अंतर कमी आहे कळलं आणि पाय ढिले पडले तर?”

“मग नको सांगू.”

“पण नाही सांगितलं आणि तिने शेवटचा जोर उशिरापर्यंत राखून ठेवला तर? रस्ता संपेल आणि जोर अंगातच राहील.”

“मग सांग.” जमुनाने बोंबील दोरीवर टाकला. “मला काय विचारतोस रे? मी कधी पळले? माझ्यामागे फक्त तू पळायचास, चपलेचा मार चुकवत.”

*

संध्याकाळी तो घरात शिरला तेव्हा भाविका शिलाई मशीनवर होती. गळ्यात टेप. पिवळी, दोन्ही बाजूंना आकडे असलेली. धर्मेशला एकदम उकडायला लागलं.

मशीनवर त्याचा नवा पांढरा शर्ट होता, परवा पालघरला घालायचा. डहाणू रोडच्या सगळ्या दुकानांत मिळून त्याच्या हाताला पुरेल अशी बाही कधीच मिळाली नव्हती. शर्ट आणायचा आणि भाविकाने आतली मुडप सोडून खाली पट्टी जोडायची, हे लग्नापासूनचं ठरलेलं.

“बरा आलास. हात लांब कर.”

“राहू दे ना. दुमडून घालेन.”

“एवढ्या पोलिसांसमोर दुमडून? कर म्हणते ना.”

त्याने एक हात लांब केला. तिने खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आता कळेल. आता आकडा वाचेल, आता डोक्यात येईल, आता टेप फेकून देईल. ती आकड्यावर अंगठा धरून क्षणभर थांबली. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“अजून दोन बोटं लागतील,” ती म्हणाली आणि मशीनकडे वळली.

हेत्वी टेपचं लोंबणारं टोक धरून ओढायला लागली. धर्मेशने तिला उचललं, बाहेर नेलं आणि अंगणात तिच्याच कानात सांगून टाकलं, “तुझा बाप गाढव आहे.”

“गालव,” हेत्वी खुशीत म्हणाली.

दुसरा दिवस आरामाचा होता. त्या दिवसात त्याने सात वेळा तोंड उघडलं. एकदा भाविका पाय तेल लावून चोळत होती, एकदा हेत्वी मध्ये पडली, एकदा भीमाकाका शुभेच्छा द्यायला आला आणि तासभर बसला. उरलेल्या वेळा त्याचं त्यालाच धाडस झालं नाही.

*

उजाडायच्या आत मोटारसायकल निघाली. पुढे तो, मागे भाविका, मध्ये शालीत गुंडाळलेली हेत्वी. आशागडचं वळण गेलं. पुढे हायवेच्या अलीकडे चहाला थांबले तेव्हा त्याने धीर केला.

“भाविका, ऐक ना. ती दोरी—”

तिने तळहात वर केला. “आज काही नको सांगू. डोक्यात फक्त पळणं राहू दे.”

“पण—”

“परत येताना सांग. घरापर्यंत सांगत बस.”

त्याने चहाचा मोठा घोट घेतला. जीभ भाजली.

मैदानाच्या फाटकापाशी बायकांची रांग लागली होती. आत फक्त उमेदवार. भाविकाने चप्पल काढून बूट घातले, हेत्वीला भिंतीच्या आडोशाला बसून पाजलं, तिचं तोंड पुसलं आणि तिला धर्मेशच्या हातात दिलं. चार पावलं गेली आणि धर्मेशला राहवेना.

“शेवटचा जोर आधी काढ!”

ती वळली. “किती आधी?”

“दोनशे वीस फूट.”

आकडा तोंडातून गेला आणि त्याने जीभ चावली, नेमकी भाजलेली. भाविका त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलले. ती हसतेय की काय, हे कळायच्या आत शिपायाने नाव पुकारलं आणि ती आत गेली.

भिंतीला लागून नवरे, बाप, भाऊ अशी दुसरी रांग होती. प्रत्येकाच्या हातात कोणाची तरी पिशवी. धर्मेश मोटारसायकलच्या सीटवर उभा राहिला, हेत्वी खांद्यावर. शेजारी तलासरीकडचे एक वयस्क गृहस्थ दगडांवर दगड रचून चढले होते. काकड्या नाव. त्यांची मुलगी रूपी याच तुकडीत होती.

“तुमची कोण?” त्यांनी विचारलं.

“बायको.”

“आणि ही?”

“ही तिची टाळी.”

काकड्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी मान हलवली आणि दगडावर हेत्वीच्या पिशवीसाठी जागा केली. “आमची रूपी डोंगरावर पळलेली. सपाटीवर काय करते बघू.”

शिट्टी वाजली. हेत्वीने टाळी वाजवली, जरा उशिरा, पण जोरात. धर्मेशचा अंगठा फोनवर पडला.

पहिल्या फेरीला भाविका मधेच कुठेतरी होती. सहावी, सातवी. पुढे रूपी, सडपातळ, वाऱ्यासारखी. “बघ, बघ!” काकड्या ओरडले. धर्मेशला भाविकाचा श्वास इथून ऐकू येत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. आत तीन, बाहेर तीन. वाळूवरचा तोच ताल. ती अजून जोर राखून होती. मोडक्या होडीची फळी इथे नव्हती, लाल चिंधी नव्हती, दर्याचा वारा नव्हता. तिला कळणार कसं?

दुसरी फेरी अर्धी झाली. आणि मग भाविकाची कोपरं अंगाशी आली.

“आत्ता!” धर्मेश ओरडला. “आत्ता, भाविका, आत्ता!”

तिने एकीला मागे टाकलं. मग दुसरीला. वळणावर आणखी दोघींना. हेत्वी त्याच्या केसांना धरून नाचत होती, मोटारसायकल डुलत होती, काकड्यांनी एका हाताने मोटारसायकल धरली होती आणि दुसऱ्या हाताने ते हवेत मुठी मारत होते. रूपीने रेष ओलांडली. तिच्यामागोमाग दुसरी एक. आणि मग भाविका.

अंगठा पडला. दोन मिनिटं सेहेचाळीस.

धर्मेशने फोन हलवून बघितला, जणू आत आकडा कुठे अडकलाय. सेहेचाळीसच.

रेषेवर पोरी कोसळत होत्या. कोणी ओणव्या, कोणी आडव्या. भाविका मात्र थांबली नाही. मान खाली, कोपरं अंगाशी, ती तशीच पुढे गेली. शिपायाने हात केला, शिट्टी मारली. ती धावतच होती.

“आरे, ही कुठं चालली?” काकड्या म्हणाले. “संपलं ना!”

धर्मेश ओठांतल्या ओठांत मोजत होता. शंभर फूट. दीडशे. दोनशे. तिथून वीसेक फुटांवर, एका झेंड्याच्या काठीशी, तिचे पाय आपोआप सैल झाले. तिने वाकून गुडघ्यांवर हात टेकले, अगदी किनाऱ्यावर टेकायची तसे.

त्याने हेत्वीला खांद्यावरून उतरवून घेतलं आणि तिच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसलं.

*

बाकीच्या परीक्षा आटोपून ती बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गोळाही बरा गेला होता. लेखी अजून बाकी, पण मैदान तिचं झालं होतं. काकड्यांनी दोघींना मिळून भेळ दिली. रूपी आणि भाविका एकमेकींच्या बुटांना नावं ठेवत हसत होत्या.

तलासरीची दोघं निघून गेल्यावर धर्मेश तिच्यासमोर जमिनीवर बसला. हेत्वी तिच्या मांडीवर झोपली होती.

“आता सांगतो. ऐकून घे आणि मग काय बोलायचं ते बोल.” तो एका दमात बोलला. वाव, टेप, मुकेश, एकशेतीस. “चार महिने तू रोज जादा पळत होतीस. माझ्यामुळे. तू पास व्हायला आली होतीस आणि मी तुला रोज नापास करत होतो.”

भाविकाने हात पुढे केला, त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही मनगटाशी धरली आणि जोडलेली पट्टी दोन बोटांत घेऊन जरा ओढली.

“ही कोण जोडतं?”

धर्मेशने पट्टीकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा पट्टीकडे.

“कधीपासून ठाऊक होतं?” त्याने विचारलं.

“दुसऱ्या आठवड्यात. दोरी वळणीवर वाळत होती. टेप गळ्यात होती. मोजली.”

“मग बोलली का नाहीस?”

“कसं बोलणार?” ती झोपलेल्या हेत्वीचे केस मागे सारत म्हणाली. “बांबूला झेंडा लावून आला होतास.”

*

परतले तेव्हा सुकती होती. जमुना भेटायला धावत आली, तिने सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बोंबलाच्या वासासकट. मग हेत्वी जागी झाली आणि तिला किनाऱ्यावर जायचं होतं म्हणजे होतंच.

धर्मेश बांबूपाशी गेला. तो हलवून सैल करायला लागला. मुकेशकडून टेप आणायची, बांबू एकशे दहा फूट आत रोवायचा, निदान आता तरी बरोबर करायचं, असं त्याच्या मनात होतं.

“काय करतोस?”

“काढतो. चुकीचा आहे ना.”

भाविकाने बांबूवर हात ठेवला. लाल चिंधी उन्हाने विटून गुलाबी झाली होती. पलीकडे हेत्वी मोडक्या होडीच्या दिशेने धावत सुटली होती. मध्येच पडली, उठली, मागे वळून स्वतःच्याच धावण्याला टाळी वाजवली आणि पुन्हा सुटली.

“राहू दे इथेच,” भाविका म्हणाली. “पुढे हिला लागेल.”

धर्मेशने हात काढले. तिने पायाने बांबूच्या बुडाशी वाळू दाबून घट्ट केली.

“पण हिला आठशेच सांग.”